तारमास्तरांचा हात

तारमास्तरांच्या शेजारी मी साडेतीन वर्षं राहिलो आणि तेवढ्या काळात भूगोल शिकवण्याबद्दलची माझी सगळी घमेंड उतरली. मी नंदुरबारच्या हायस्कुलात भूगोलाचा मास्तर होतो. भिंतीवर जगाचा नकाशा टांगून, हातातल्या छडीने मी मुलांना न्यूझीलंड दाखवायचो. आणि घरी यावं, तर पार्सल ऑफिसात काम करणारा हा शेजारी ओट्यावर बसून बशीतून चहा पीत सांगायचा, "न्यूझीलंडमा पानी पडी ऱ्हायना, गुरुजी. सकायलेच बोलनू." मी पुस्तकातलं पर्जन्यमान घोकून आलेला, आणि याला तिथे आज छत्री लागते की नाही ते ठाऊक! असल्या शेजाऱ्यापुढे फार दिवस ताठ राहता येत नाही.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरची. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. गावात वीज नव्हती. संध्याकाळी घरोघर कंदिलाच्या काचा पुसल्या जायच्या आणि हिवाळ्यात कापसाच्या जिनिंग गिरणीच्या इंजिनाची धकधक गावभर ऐकू यायची. असल्या गावात एका कौलारू घरावर दोन बांबू उभे होते आणि त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणलेली होती. नवा माणूस विचारायचा, धुणं वाळत घालायला एवढ्या उंच कशाला? मीही पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं. ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

त्यांचं नाव इस्माईल शेख. घराणं चार पिढ्यांपासून नंदुरबारचं, कापूस पिंजणाऱ्यांचं. बाप आणि आजा गाद्यांचा कापूस पिंजत गावोगाव फिरलेले, पार शहाद्याकडे, धानोऱ्याकडे. हा मुलगा चार बुकं इंग्रजी शिकला, रेल्वेत शिरला आणि तारयंत्रावर बसला. "कान मन्हा बापना शे," असं ते म्हणत. "पिंजननी तात जरा ढिली व्हयनी का त्याले घरमा बशीसन समजे." शरीराने उंच आणि वाळके, डोक्यावर काळी टोपी, अंगात रेल्वेचा कोट. तो कोट ऐन वैशाखातसुद्धा उतरायचा नाही. घरात बायकोशी हिंदी, माझ्याशी आणि गावाशी अहिराणी, आणि बिनतारी यंत्रावर इंग्रजी, अशी त्यांच्या भाषांची वाटणी होती. तिन्ही भाषांत ते सारखंच कमी बोलत.

तारवाल्यांची एक सवय त्यांच्या हाडात मुरली होती. तारेवर मजकूर पाठवला की पलीकडच्याने "मिळाला" असं कळवेपर्यंत जागचं हलायचं नाही. तारमास्तर तोच नियम संसारात चालवत. "दूध उतू जाई ऱ्हायनं," असं सांगून ते थांबत आणि विचारत, "मियनं?" समोरच्याने हो म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य यायचं नाही. एकदा हेडमास्तर त्यांना रस्त्यात भेटले. तारमास्तरांनी सलाम केला. हेडमास्तर स्वतःच्या तंद्रीत पुढे गेले. हे गृहस्थ त्यांच्या मागे पन्नास पावलं चालत गेले, पुन्हा सलाम केला, हेडमास्तरांची मान हलली तेव्हा कुठे परत फिरले. मी हसलो तर मलाच म्हणाले, "पोचना का नही ते समजाले नको?"

आणि दुसरी सवय चार वाजताची. रोज दुपारी चारला रेल्वेच्या तारेवरून सगळ्या स्टेशनांना घड्याळाची वेळ दिली जाई. तारमास्तर तेव्हा पार्सल ऑफिसात होते, तारेशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता. तरी चारला पाच मिनिटं कमी असताना ते केळीच्या टोपल्या आणि मिरचीची पोती तशीच टाकून तारघराच्या दाराशी जाऊन उभे राहत. आत जात नसत. दारातूनच ऐकत, खिशातलं घड्याळ काढत, काटा बरोबर आहे ना ते बघत आणि परत येत. नव्या तारबाबूला ते अवघड व्हायचं. त्याने एकदा खुर्ची पुढे केली. तारमास्तर म्हणाले, "नही भाऊ, माले आठेच बरं शे."

तारेवरून ते पार्सलात कसे गेले, ते मला त्यांच्याकडून कधीच कळलं नाही. गावात मात्र सगळ्यांना माहीत होतं. वीस-बावीस वर्षं रोज तारयंत्राची चावी दाबून दाबून तारवाल्यांना एक दुखणं होतं. अंगठा आणि दोन बोटं आखडतात. चमचा धरता येतो, छत्री धरता येते, पण चावीवर हात ठेवला की बोटं ऐकत नाहीत. तारेची सगळी भाषा आखूड आणि लांब ठोक्यांची. लांबचा एक ठोका आखूड पडला की अर्थ पार बदलतो. एका हंगामात व्यापाऱ्याने कापसासाठी मालगाडीच्या चार वाघिणी मागितल्या होत्या आणि तारमास्तरांच्या हातून चारच्या जागी पाच गेल्या. पाचवी वाघीण रिकामी येऊन रुळावर उभी राहिली. पलीकडच्या स्टेशनाने आधीच दोनदा तक्रार केली होती, की नंदुरबारचा हात वाचता येत नाही. ही तिसरी. त्यांना कोणी रागावलं नाही, कोणी दंड केला नाही. फक्त एक कागद आला आणि ते पार्सलात गेले. मला वाटतं, कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

गाव मात्र त्यांना तारमास्तरच म्हणत राहिलं. गावाला एकदा पडलेलं नाव बदलायचा कंटाळा असतो.

बिनतारी यंत्राचं खूळ त्यानंतरचं. आमच्यासारखा माणूस देवाच्या नादी लागला असता किंवा जावयांशी भांडत बसला असता. तारमास्तरांनी इंग्रजी मासिकं मागवली, मुंबईच्या जुन्या बाजारातून पहिल्या लढाईतला पलटणीचा एक डायनामो पैदा केला, फळीवर तारा आणि काचेच्या नळ्या जोडल्या. परवान्यासाठी अर्ज केला. परवाना यायला दोन वर्षं लागली. परवान्याबरोबर अक्षरं आणि आकडा मिळून एक नाव मिळालं. जगात त्या नावाचं दुसरं कोणी नाही, हे त्यांनी मला सांगितलं, तेव्हा ते जवळजवळ हसले होते.

परवाना म्हटलं की फौजदार आलाच. आमचे फौजदार घाटावरचे, मिशीवाले. ते एक दिवस चौकशीला आले आणि मला भूगोलवाला म्हणून साक्षीला बसवलं. "काय हो मियाँ, काय बोलता त्या गोऱ्यांशी?" त्यांनी दरडावून विचारलं. तारमास्तरांनी वही पुढे ठेवली. त्यात प्रत्येक बोलणं टिपलेलं होतं. फौजदारांनी पान उलटलं, मग दुसरं उलटलं.

"हे काय? थंडी, पाऊस, आवाज बारीक, आवाज बरा. सगळीकडे हेच?"

"हेच, साहेब. तो सांगस का त्याना गावमा बरफ पडना. मी सांगस का आठे तपी ऱ्हायनं."

"बस? एवढ्यासाठी हा खटाटोप?"

"साहेब, कितला दूरथून सांगस ते देखा ना," तारमास्तर म्हणाले.

फौजदारांनी वही मिटली. काहीतरी कट सापडेल म्हणून आलेला माणूस, बरफ आणि उन्हाळा वाचून निराश झाला. चहा पिऊन गेला. पुढे मात्र तो महिन्या-दोन महिन्यांनी येत असे आणि चौकशीच्या नावाखाली विचारत असे, "काय, लंडनला आज काय हवा?"

ते घरावरचे बांबू सातपुड्यातले. तोरणमाळच्या उतारावरचा एक पावरा आदिवासी दरसाल चारोळी आणि डिंक घेऊन बाजाराला येई, त्याला तारमास्तरांनी सांगितलं होतं. तो कबूल झाला, पण चांदण्या पंधरवड्यात बांबू तोडायला तयार होईना. चांदण्यातला बांबू पोखरतो, तो अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचा, असं त्याचं म्हणणं. तारमास्तरांना मासिकात वाचलेल्या एका दिवशी तार चढवायची होती. दोघेही हट्टी. शेवटी पावरा जिंकला. बांबू पंधरा दिवस उशिरा आले, पण माझ्या डोळ्यादेखत चार पावसाळे टिकले. उभे करताना तो पावरा स्वतः वर चढला आणि खाली उतरून त्याने विचारलं, की या तारेला काय अडकतं? तारमास्तर म्हणाले, "बोलनं अडकस." त्याने मान डोलावली. त्याला ते माझ्यापेक्षा लवकर पटलं.

आता जुलेखाभाभी. तारमास्तरांबद्दल लिहायचं आणि त्यांच्या बायकोला वगळायचं हे शक्य नाही, कारण भाभींशिवाय ते यंत्र मुकं होतं.

ऐकण्याचं यंत्र बॅटरीवर चाले. ती बॅटरी जिनिंगच्या इंजिनावर भरून आणता येई. पण बोलण्याच्या यंत्राला डायनामो फिरवायला लागे, आणि तो फिरवायला घरात एकच साधन होतं, भाभींचं पायमशीन. भाभी गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या आणि पोरांची अंगडी शिवत. तारमास्तरांना बोलायचं असलं की त्या शिवण बाजूला ठेवत, मशीनच्या खालच्या चाकावरचा पट्टा काढून डायनामोच्या चाकावर चढवत आणि पायडल मारायला बसत. नवऱ्याची पाठ त्यांच्याकडे. हा चावी दाबतोय, ती पायडल मारतेय, मध्ये एक शब्द नाही. मला आधी हे चमत्कारिक वाटलं. पुढे वाटलं, आमच्याकडे नवरा-बायको दिवसभर बोलूनही इतकं जमत नाही.

भाभींना अलिफ बे येत नव्हतं, इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. तरी एकदा दुपारी तारमास्तर कोणाला तरी काही पाठवत असताना पायडल मारता मारता त्या मागून म्हणाल्या, "अटक गया. पिछला फिर से बोलो." तारमास्तर थांबले, वहीत बघितलं आणि तेवढं पुन्हा पाठवलं. मी चाट पडलो. त्यांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"गुरुजी, यास्नी चावी दाबी का पायडल जड व्हस. सोडी का हलकं व्हस," भाभी म्हणाल्या. "यास्ना हात माले पायमा समजस."

खरंच होतं ते. चावी दाबली की डायनामोवर ओझं पडायचं आणि ते थेट पायाला लागायचं. अक्षर कोणतं ते भाभींना माहीत नव्हतं. पण प्रत्येक अक्षराची चाल, नवऱ्याच्या नावातली, नेहमीच्या शब्दांतली, आकड्यांतली, तळपायात बसली होती. कुठे हात अडखळला ते त्यांना नवऱ्याच्याही आधी समजायचं.

एका हिवाळ्यात विलायतेच्या मासिकात स्पर्धेची जाहिरात आली. शनिवार आणि रविवार असे दोन दिवस. जगभरच्या हौशी लोकांनी एकमेकांना हाका मारायच्या, ज्याने ओ दिली त्याला आपला अनुक्रमांक सांगायचा, त्याचा घ्यायचा आणि दोन्ही वहीत लिहायचे. जो जास्त जणांशी आणि जास्त लांब बोलेल तो वर. वह्या विलायतेला पाठवायच्या. बक्षीस म्हणजे एक कागद.

मी म्हटलं, "तारमास्तर, आपल्या पायमशीनवर आपण कुठे पहिले येणार?"

"पहिला कोनले येवानं शे?" ते म्हणाले.  मला वाटलं विषय संपला. पण त्या दिवशी ते बोलले, आणि माझ्या आठवणीत ते सलग एवढं एकदाच बोलले. "गुरुजी, आमनामा तीन अक्षरे शेतस. क्यू, एस, डी. समोरना मानूस ती पाठाडस म्हनजे, तुन्हा हात वाचता येत नही. रोज बोलनारा लोके वळखीना, ते सांभायी लेतस. पन ह्या दोन दिनमा बठ्ठा अनोळखी. त्यास्ले घाई ऱ्हास. कोनी लाज राखाव नही. दोन दिनमा कोनी ती तीन अक्षरे नही पाठाडी, त मन्हा हात जिता शे. पाठाडी, त चावी ठेवी देसू. मियनं?"

मिळालं, असं मी म्हटलं. 

शनिवारी सकाळी मी शाळेचा नकाशांचा संग्रह आणि एक घड्याळ घेऊन त्यांच्याकडे हजर झालो. माझं काम वही लिहिण्याचं, कारण लिहिण्यातही त्यांची बोटं आखडत. भाभींनी पहाटेच भाकरी करून ठेवल्या होत्या. गल्लीतल्या बायकांना सांगून टाकलं होतं, की सोमवारपर्यंत चोळ्या मिळणार नाहीत.

तो शनिवार फार चांगला गेला. तारमास्तर घाई करत नव्हते. बाकीचे जगभर आरडाओरडा करत असताना हे सावकाश, एकेक ठोका मोजून हाक मारत. कोणी ओ दिली की कानावरची यंत्रं घट्ट धरून मला आकडे सांगत. सिलोन, मलाया, इजिप्त, मग ऑस्ट्रेलियातले तिघे. मी प्रत्येक गाव नकाशात शोधायचो आणि बोटाने दाखवायचो, भाभी पायडल न थांबवता मान वळवून बघायच्या. दोघांनी आकडा पुन्हा विचारला, पण ते हवेच्या खरखरीमुळे. ती तीन अक्षरं आली नाहीत. संध्याकाळी तारमास्तरांनी कोमट तेलात बोटं बुडवून ठेवली आणि डोळे मिटून बसले. इतका समाधानी चेहरा मी पार्सल ऑफिसात कधी पाहिला नव्हता.

रविवारी दुपारी दीडच्या सुमाराला ती आली.

मला अर्थात ऐकू आलं नाही. ऐकण्याची यंत्रं त्यांच्या कानावर होती. मी बघितलं ते एवढंच, की त्यांनी आकडा पाठवला, थांबले, पुन्हा पाठवला, पुन्हा थांबले. मग त्यांनी चावीवरून हात काढला. कानावरची यंत्रं उतरवून टेबलावर ठेवली.

"लिखा," ते मला म्हणाले. "क्यू, एस, डी."

"हे वहीत लिहायची गरज नाही, तारमास्तर. नियमात कुठे..."

"लिखा, गुरुजी."

मी लिहिलं. भाभींनी पायडल थांबवलं. "क्या हुआ?"

"बस. हो गया."

"एक ही जगा तो अटका," भाभी म्हणाल्या. "कल से मैं सुन रही. एक ही जगा."

 तारमास्तर उठून ओट्यावर जाऊन बसले. मी घरी जावं की थांबावं ते मला कळेना. स्पर्धेचे अजून काही तास उरले होते. शेवटी मी आतच बसून राहिलो आणि उगाच ती यंत्रं कानाला लावली. मला त्यातलं काही समजत नव्हतं, चिमण्यांचा थवा बसावा तसा आवाज. उन्हं उतरायला लागली तशी एकेक चिमणी उडून गेली आणि एक बारीक, सरळ आवाज उरला. तेच तेच पुन्हा वाजत होता. मी तारमास्तरांना हाक मारली. त्यांनी नाइलाजाने एका कानाला यंत्र लावलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"चिली," ते म्हणाले.

चिली! नकाशाच्या डाव्या कडेला उभी असलेली ती लांबलचक चिंधोटी. आमच्या वहीत दक्षिण अमेरिका कोरी होती. मी हात जोडायचेच बाकी ठेवले होते. "एकदा बोला. तीन अक्षरं आली तर आली, आता काय राहिलंय?" तो माणूस हाका मारत होता आणि त्याला कोणी ओ देत नव्हतं. मला वाटतं, माझ्या विनवणीपेक्षा त्याचंच त्यांना वाईट वाटलं. हाकेला ओ न देणं त्यांच्याने झालं नसतं.

ते बसले. भाभी पायडलवर बसल्या. तारमास्तरांनी चावी धरली आणि बोटं आखडली. दुसऱ्यांदा धरली. अंगठा दुमडून तळव्यात शिरला तो बाहेर येईना. कपाळावर घाम. तिकडे चिलीवाला हाक मारतोय.

भाभी उठल्या. पदराला हात पुसले. "हटो," असं नवऱ्याला म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, पायडलवर बसा."

मी जन्मात पायमशीन चालवलं नव्हतं. बसलो आणि जोर लावला. चाक उलटं फिरलं. यंत्रावरचा काटा खाली आपटला.

"उलटं नका मारू! चाकले हात द्या, मंग पाय!" भाभी ओरडल्या.

चाकाला हात दिला, मग पाय. काटा वर आला. तारमास्तर भाभींच्या खांद्यामागे उभे राहिले आणि तोंडाने ठोके म्हणू लागले, डा डी डा, डी डी डी डा. आपलं नाव त्यांनी पुरतं म्हटलंसुद्धा नाही, तोवर भाभींचा हात पुढे निघून गेला होता. ते पायाला पाठ होतं. आकडा मात्र त्यांनी एकेक ठोका म्हणायचा आणि भाभींनी वाजवायचा. माझ्या तळपायाला पहिल्यांदाच ते कळलं. जड, हलकं, जड जड, हलकं. अगदी एकसारखं, कुठे अडखळ नाही.

चिलीवाल्याने एकदाच ऐकलं आणि आकडा जसाच्या तसा परत सांगितला. तारमास्तरांनी तो पूर्ण ऐकला, भाभींकडून पोच पाठवली आणि मान हलवली. मी पायडल सोडून टाळ्या वाजवल्या. भाभी लाजून चूल पेटवायला आत गेल्या.

मी वहीत चिली लिहिलं. तारमास्तर म्हणाले, "काट मारा."

"का?"

"हाई हातनी स्पर्धा शे. हात मन्हा नव्हता."

मी वाद घातला. चांगला अर्धा तास घातला. कोणाला कळणार आहे, ठोके तर तुम्हीच म्हटले होते, असलं बरंच काही. ते ऐकत होते. शेवटी मीच काट मारली आणि रागाने घरी आलो. भाभींना हे काट मारल्याचं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. वही विलायतेला गेली. निकालात आमचं नाव खालून चौथं होतं.

ठरल्याप्रमाणे तारमास्तरांनी चावी ठेवून दिली. त्यानंतर ते फक्त ऐकत. फौजदार हवा विचारायला आले की सांगत, "काय म्हाईत, साहेब." मशीनवर पुन्हा चोळ्या शिवल्या जाऊ लागल्या. मला त्या घरात जायला अवघड वाटे, कारण चिलीची हाव माझी होती.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी युद्ध सुरू झालं आणि हौशी लोकांचे परवाने रद्द झाले. यंत्रं सरकारजमा करायची होती. आमचे फौजदार दोन शिपाई घेऊन आले. तारमास्तरांनी सगळं आधीच गोणपाटात बांधून, पार्सलाला लावतात तशी चिठ्ठी लावून ठेवलं होतं.  फौजदार म्हणाले, "लढाई संपली की परत मिळेल हो." तारमास्तर म्हणाले, "हो, साहेब." बांबू मात्र तसेच राहिले, कारण ते उतरवा असं हुकुमात कुठे नव्हतं.

दिवाळीनंतर माझी बदली धुळ्याला झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी पुस्तकं बांधत होतो, तेव्हा तारमास्तर दारात आले. हातात एक कार्ड होतं. बोलणं झालं की हौशी लोक एकमेकांना असं कार्ड पाठवतात, तेवढं मला माहीत होतं. हे चिलीहून आलं होतं. किती महिने, किती बोटींतून, कोण जाणे. मोडक्या इंग्रजीत हाताने लिहिलेलं. मी वाचलं. "त्या दिवशी माझ्या हाकेला तुम्ही एकट्यानेच ओ दिलीत. मी तीस वर्षं रेल्वेच्या तारेवर काम केलं आहे. रेल्वेतला जुना हात मला लगेच ओळखू येतो. तुमचा तसा आहे. असा स्वच्छ हात मी फार दिवसांत ऐकला नव्हता. तुम्हाला कोणी शिकवलं?"

"चाला," तारमास्तर म्हणाले. "तिले वाची दखाडूत."

भाभी मशीनवर होत्या. तारमास्तरांनी उभ्या उभ्या कार्ड हिंदीत करून सांगितलं. भाभी म्हणाल्या, "फिर पढ़ो." त्यांनी पुन्हा सांगितलं.

"ये तो तुमको लिखा."

"हाथ तेरा था, जुलेखा."

"मेरा कहाँ से? मैं रेल में गई थी कभी? तुम्हारा मेरे पाँव में आया, वही निकला हाथ से."

तारमास्तर खाली बसले. कार्डाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले आणि माझेही भरले, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. मग त्यांनी मला उत्तर लिहायला सांगितलं. "लिखा, गुरुजी. तो हात मन्हा नव्हता. मन्ही घरवालीना व्हता. तिले लिखता-वाचता येत नही."

मी तसं इंग्रजीत लिहिलं. "त्याने विचारलंय, कोणी शिकवलं," मी म्हटलं.

त्यांनी कार्ड उलटंपालटं केलं.

"लिखाओ ना," भाभी म्हणाल्या. "आदमी पूछ रहा है."

"इस्माईल शेख," तारमास्तर म्हणाले. कार्ड मशीनवर ठेवलं. "तारमास्तर, नंदुरबार."

वाघिणींच्या त्या प्रकरणानंतर हा शब्द त्यांनी स्वतःच्या नावापुढे लावलेला मी प्रथमच ऐकला. मी तो लिहिला आणि सहीसाठी कागद पुढे केला. मला वाटलं ते डाव्या हाताने करतील. त्यांनी टाक उजव्या हातात घेतला. अंगठा आखडला, त्यांनी तो सोडवला. पुन्हा आखडला, पुन्हा सोडवला. माझं सामान अर्धं बांधायचं होतं, भाभींची शिवण पडली होती, पण आम्ही दोघं थांबलो. युद्धाच्या दिवसांत ते पत्र चिलीला पोचलं की नाही, मला कधी कळलं नाही. तारमास्तरांनी सही पुरी केली, कागद उजेडात धरला आणि माझ्याकडे दिला. सही वाकडी होती, पण वाचता येत होती.